महागड्या सदनिका आणि फुकटचा रस्ता

मे 2025 मध्ये राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केले की, गाडी उभी करण्यासाठी स्वतःची जागा असल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय यापुढे नव्या मोटारींची नोंदणी होणार नाही. तेव्हापासून पार्किंगवर जो वाद चालू आहे, तो मला चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. एक बाजू म्हणते की बिल्डरांनी पुरेशी जागा दिली नाही, म्हणून प्रत्येक सदनिकेमागे दोन पार्किंगची सक्ती करा. दुसरी बाजू म्हणते की लोकांची हौस वाढली आहे, म्हणून खरेदीवरच बंधन घाला. जागा कमी आणि गाड्या जास्त, हे मात्र दोघांनीही गृहीत धरले आहे. दाट वस्तीच्या जुन्या पेठांत ते खरे आहे. पण पुण्यात बाणेर, बालेवाडी, औंध किंवा ठाण्यात घोडबंदर रस्ता, जिथे सदनिकांची किंमत सहज कोटींत जाते, तिथे हे गृहीतक तपासून घ्यायला हवे. या वस्त्यांतली टंचाई मुख्यतः तीन कारणांनी निर्माण झाली आहे, असे मला वाटते. कागदावरची जागा प्रत्यक्षात गाडीच्या मापाची नसते, त्या जागेची खरी किंमत घेणाऱ्याला दिसत नाही आणि फाटकाबाहेरचा रस्ता रात्रभर फुकट मिळतो. यातले तिसरे कारण सर्वांत प्रबळ आहे, आणि त्याविषयीच सर्वांत कमी बोलले जाते.

आधी मापाचे पाहू. आपल्या बांधकाम नियमांत एका मोटारीसाठी साधारणपणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरली जाते. 1983 साली रस्त्यावर आलेली मारुती 800 जेमतेम 1.4 मीटर रुंद होती. त्या जागेत ती उभी केली, तर दोन्ही बाजूंना मिळून एक मीटरहून अधिक मोकळी जागा उरायची आणि दार पूर्ण उघडून आजीलाही आरामात उतरता यायचे. आज या वस्त्यांत सर्रास दिसणारी स्कॉर्पिओ-एन 1.9 मीटर रुंद आहे, आणि तीही आरसे न धरता. म्हणजे प्रत्येक बाजूला तीस सेंटीमीटर, एक वीत आणि वर चार बोटे. शेजारी खांब असेल तर तेवढेही नाही. आणि खांब असतोच, कारण तळघरातले खांब गाड्यांच्या सोयीने उभे राहत नाहीत, ते वरच्या बैठकीच्या आणि झोपायच्या खोल्यांच्या आखणीनुसार खाली उतरतात. दोन खांबांमध्ये तीन गाड्या बसवायच्या तर साडेसात मीटर निव्वळ अंतर हवे. ते थोडे जरी कमी पडले तरी नकाशावरच्या तीन गाड्यांपैकी प्रत्यक्षात दोनच सुखाने उभ्या राहतात. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी लांबी मोजून-मापून चार मीटरच्या आत बसवली. रुंदीला आणि उंचीला मात्र असा कोणताही लगाम नव्हता. गाड्या आडव्या आणि उभ्या वाढत गेल्या, तळघरातली आखलेली चौकट तेवढीच राहिली.

आमच्या सोसायटीतले एक ज्येष्ठ गृहस्थ त्यांच्या हक्काच्या जागेत गेली कित्येक वर्षे गाडी लावत नाहीत. त्यांची जागा रॅम्पच्या वळणावर, खांबाला लागून आहे. तिथे गाडी घालायला चार वेळा मागे-पुढे करावे लागते आणि घातल्यावर चालकाच्या बाजूचे दार उघडत नाही. ते बाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावतात आणि तळघरातल्या जागेत त्यांचे जुने कपाट आणि नातवाची सायकल आहे. त्यांना दोष द्यायला मन धजत नाही. पण सोसायटीच्या नोंदवहीत आणि महापालिकेच्या मंजूर नकाशात ती जागा एक पूर्ण पार्किंग म्हणून मोजलेली आहे, आणि उद्या त्यांच्या मुलाने नवी गाडी घेतली तर याच जागेच्या आधारावर त्याला प्रमाणपत्रही मिळेल. यंत्राने वर-खाली होणाऱ्या स्टॅक पार्किंगची अवस्थाही अशीच आहे. वरच्या थरावर उंच गाडी बसत नाही, खालची गाडी काढल्याशिवाय वरची उतरत नाही, वीज गेली की सगळेच थांबते. मग सकाळच्या घाईच्या भीतीने माणूस आदल्या रात्रीच गाडी रस्त्यावर लावतो. बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या महारेरा प्राधिकरणाने 2024 मध्ये आदेश काढून पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमके ठिकाण वाटपपत्रात व करारात नोंदवणे बंधनकारक केले, ते यासाठीच महत्त्वाचे आहे. अर्थात हा आदेश पुढच्या इमारतींना उपयोगी पडेल. आधीच्या दोन दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींची तळघरे आता रुंद होणार नाहीत.

किंमत न दिसण्याचे कारण गुंतागुंतीचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात निकाल दिला की, इमारतीखालची स्टिल्टची, म्हणजे खांबांमधली उघडी, जागा ही सामायिक जागा आहे आणि विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही. गॅरेज म्हणजे काय, हा त्या खटल्यातला कळीचा प्रश्न होता. 1963 च्या मोफा (सदनिका मालकी) कायद्यात सदनिकेच्या व्याख्येत गॅरेजचा समावेश होता, आणि खांबांवर उभ्या इमारतीखालची उघडी जागा म्हणजेच गॅरेज, असा विकासकाचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. पुढे 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने गॅरेजची व्याख्याच करून टाकली: वर छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असलेली जागा. उघडे पार्किंग सामायिक क्षेत्रात गेले. हा निकाल न्याय्य होता, यात मला शंका नाही. एकच जागा आधी सदनिकेच्या दरात वसूल करून वर पुन्हा लाखांनी विकण्याचा प्रकार त्याने रोखला. पण त्याचा एक परिणाम असा झाला की जागेचा खर्च सदनिकेच्या चौरस फुटांच्या दरात विरघळून गेला. तळघर खणण्याचा, दख्खनच्या काळ्या पाषाणात सुरुंग लावण्याचा, पाणी उपसणाऱ्या पंपांचा, रॅम्पचा आणि वायुवीजनाचा खर्च कुठेही गेलेला नाही. तो सर्वांनी वाटून घेतला आहे, ज्याच्याकडे तीन गाड्या आहेत त्यानेही आणि जी निवृत्त शिक्षिका रिक्षाने फिरते तिनेही.

हा खर्च किती मोठा आहे, याची कल्पना जागेच्या हिशेबावरून येते. गाडीची चौकट साडेबारा चौरस मीटरची असली, तरी तिच्यापर्यंत पोहोचायला मार्ग लागतो, वळायला जागा लागते, रॅम्प लागतो. हे सगळे धरले की एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर बांधकाम होते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला जे घर मिळते, त्याचे चटईक्षेत्र 300 चौरस फूट, म्हणजे सुमारे 28 चौरस मीटर आहे. आपण एका उभ्या गाडीला जेवढी बांधीव जागा देतो, तेवढ्यात त्याच शहरात पाच माणसांचे कुटुंब संसार करते. एवढी मौल्यवान वस्तू कोणाला किती मिळावी, हे ठरवताना तिची किंमत विचारातच न घेणे हे कोणत्या न्यायाचे लक्षण आहे?

आता फाटकाबाहेर येऊ. तळघरातली जागा अडचणीची आहे, तिथे जायला वेळ लागतो, ती राखायला देखभाल-शुल्क भरावे लागते. बाहेरची जागा सोपी आहे आणि तिला काहीच पैसे पडत नाहीत. अशा स्थितीत कोणताही व्यवहारी माणूस काय करील? पुण्यात प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्त्याच्या परिसरातल्या जुन्या बंगल्यांकडे पाहिले की याचे उत्तर मिळते. फियाट आणि अँबॅसडरच्या काळात बांधलेली टुमदार गॅरेजे आजही अनेक ठिकाणी उभी आहेत. कुणाच्या गॅरेजात दवाखाना आहे, कुठे शिवणकाम चालते, कुठे कचेरी आहे, कुठे भाडेकरू. गाडी मात्र बाहेर, झाडाखाली. ही केवळ आपली प्रवृत्ती म्हणता येत नाही. लॉस एंजेलिसमधल्या 32 मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा तिथल्या विद्यापीठातील अभ्यासकांनी या शतकाच्या सुरुवातीला बारकाईने अभ्यास केला, तेव्हा चारांपैकी तीन गॅरेजांत गाडीला जागाच नव्हती. ती घरात न मावणाऱ्या सामानाने भरलेली होती. भाषा, हवामान, घरांचे आकार सगळे वेगळे, तरी सवय तीच, कारण दोन्हीकडे बाहेरची जागा फुकट होती.

या मांडणीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला आक्षेप रस्ते-कराचा. गाडी घेतानाच एकरकमी मोटार वाहन कर भरला, मग रस्त्यावर उभी केली तर पुन्हा पैसे का? पण हा कर रस्ता वापरण्यासाठी आहे, रस्त्याचा बारा चौरस मीटरचा तुकडा रात्रंदिवस स्वतःकडे ठेवण्यासाठी नाही. बाणेरमध्ये त्याच रस्त्याला लागून असलेल्या बारा चौरस मीटरच्या गाळ्याचे भाडे विचारून पाहावे, म्हणजे आपण काय फुकट घेत आहोत ते कळते. पथारीवाल्याने याहून कितीतरी लहान जागा अडवली तर त्याचा माल उचलून नेला जातो. गाडी महिनोन्महिने धूळ खात उभी राहिली तरी ती कोणाची तरी मालमत्ता म्हणून आपण तिला वळसा घालून चालतो. पेशवाईतल्या सरदारांकडे घोडे कमी नव्हते. पण घोड्यांसाठी पागा असायची आणि पागेचा, चंदीचा, मोतद्दाराचा खर्च ज्याचे घोडे तोच करायचा. आपले वाहन सांभाळण्याचा भार सार्वजनिक वाटेवर टाकणे हा आपला परंपरागत हक्क आहे, असे मानायला इतिहासातही आधार सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. सार्वजनिक वाहतूक धड नसताना लोकांना गाडीवाचून गत्यंतर काय? पुण्यात पीएमपीच्या बसथांब्यावर उन्हात ताटकळलेल्या कुणालाही हा प्रश्न पटेल, आणि मलाही पटतो. पुण्याची मेट्रो 2022 मध्ये सुरू झाली आणि 2024 मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. तरीही स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा मैल पायी चालण्यासारखा नाही. पण तो चालण्यासारखा का नाही, हेही विचारायला नको का? पदपथावर चढवलेल्या गाड्यांमुळे माणूस रस्त्यात उतरतो. दोन्ही बाजूंना उभ्या गाड्यांमुळे बस वळू शकत नाही, म्हणून ती आतल्या रस्त्यांवर येत नाही. बस येत नाही म्हणून आणखी एक गाडी घेतली जाते. सार्वजनिक वाहतूक सुधारेपर्यंत पार्किंगला हात लावू नका, असे म्हणणे म्हणजे पाय मोकळे होईपर्यंत बेडी काढू नका, असे म्हणण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. जुन्या पेठांत, चाळींत, गावठाणांत घराला लागून जागा असणे शक्यच नाही; तिथल्या रिक्षावाल्याला किंवा टेम्पोवाल्याला प्रमाणपत्र मागणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे आहे. म्हणूनच सगळ्या राज्याला एकच नियम लावण्याला माझा विरोध आहे. सुरुवात तिथून व्हावी, जिथे इमारतीखाली दोन-तीन मजले तळघर आहे आणि तरीही बाहेरचा रस्ता गाड्यांनी भरलेला आहे. प्रमाणपत्राच्या नियमाचे समर्थक जपानचा दाखला देतात. जपानने 1962 साली कायदा करून गाडीसाठी जागेचा पुरावा सक्तीचा केला हे खरेच आहे. मात्र या दाखल्याचा अर्धा भागच आपल्याकडे सांगितला जातो. त्याच कायद्याने रस्त्याच्या एकाच ठिकाणी सलग बारा तासांपेक्षा आणि रात्री आठ तासांपेक्षा जास्त वेळ गाडी ठेवायला मनाई केली. तिथे प्रमाणपत्राला अर्थ आहे, कारण रात्री रस्त्यावर गाडी ठेवण्याचा पर्यायच बंद आहे. जागा मोजून मिळते म्हणून जपानी माणूस गाडीही जागेकडे पाहून घेतो. तिथल्या लोकप्रिय केई वर्गातल्या गाड्यांना 3.4 मीटर लांबी आणि 1.48 मीटर रुंदीची कायदेशीर मर्यादा आहे, म्हणजे जवळपास आपली जुनी मारुती. आपण रस्ता मोकळा ठेवून फक्त कागद मागितला, तर बोगस कागदांचा नवा बाजार उभा राहील आणि गाड्या आहेत तिथेच राहतील.

मग जास्त पार्किंग बांधायची सक्ती का करू नये? कारण तो प्रयोग जगाने करून पाहिला आहे. अमेरिकी शहरांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रत्येक इमारतीला किमान पार्किंगची अट घातली. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आपली सारी कारकीर्द या अटीचे दुष्परिणाम दाखवण्यात घालवली: घरे महागली, शहरे विरळ पसरली, पायी चालणे अशक्य झाले आणि गाड्या आणखी वाढल्या. अखेर 2017 मध्ये बफेलो शहराने ही अट काढून टाकली, त्याच वर्षी मेक्सिको सिटीने किमान मर्यादेच्या जागी कमाल मर्यादा आणली, आणि 2022 मध्ये कॅलिफोर्नियाने मोठ्या सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यांजवळ ही अट रद्द करणारा कायदा केला. ज्या वाटेने जाऊन ती शहरे आता परत फिरत आहेत, त्या वाटेवर आपण उत्साहाने पाऊल टाकावे काय? प्रत्येक सदनिकेमागे दोन जागांची सक्ती केली, तर त्यांचा खर्च आधी सांगितल्याप्रमाणे दरात विरघळेल, घर घेणे आणखी कठीण होईल, आणि रस्ता फुकट असेतो तिसरी गाडी बाहेर येईलच.

रस्त्यावरच्या रात्रीच्या पार्किंगला पैसे लावणे राजकीयदृष्ट्या अशक्य आहे, असे मला सांगितले जाते. पुण्याचा अनुभव या म्हणण्याला बळ देतो, हे नाकारून चालणार नाही. 2018 मध्ये महापालिकेपुढे आलेल्या पार्किंग धोरणाला जोरदार विरोध झाला, रात्रीच्या शुल्काची कल्पना मागे पडली आणि जे धोरण संमत झाले तेही मोजक्या रस्त्यांपुरते मर्यादित होऊन अंमलबजावणीविना रखडले. तरीही एक जुना प्रसंग सांगावासा वाटतो. 1935 च्या जुलैमध्ये ओक्लाहोमा सिटीत जगातले पहिले पार्किंग मीटर बसले, तेव्हा स्वतःच्याच गाडीवर कर लादल्यासारखा संताप तिथेही उसळला होता. मीटर आधी रस्त्याच्या एकाच बाजूला होते. थोड्याच दिवसांत दुसऱ्या बाजूच्या दुकानदारांनी आपल्याही बाजूला मीटर बसवण्याची मागणी केली, कारण मीटरच्या बाजूला गिऱ्हाइकांना जागा मिळू लागली होती. लोक शुल्काला विरोध करतात तो मुख्यतः ते पैसे कुठे जातात हे दिसत नाही म्हणून. एखाद्या प्रभागातून जमा झालेले पार्किंग शुल्क त्याच प्रभागातले पदपथ, दिवे आणि बसथांबे यांवर खर्च होणार, हे महापालिकेने ठरावात लिहून दिले आणि दर वर्षी हिशेब मांडला, तर विरोधाचा सूर बदलेल, असा मला विश्वास वाटतो. सम-विषम तारखांचे पी-1, पी-2 फलक पुणेकरांनी वर्षानुवर्षे पाळले आहेत. नियम समजण्यासारखा आणि सर्वांना सारखा असला की लोक तो पाळतात.

सरकारकडे बोट दाखवताना सोसायट्यांच्या हातात जे आहे तेही सोडता येणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार जागा कमी आणि गाड्या जास्त असतील, तर दर वर्षी सोडत काढण्याची तरतूद आहे, आणि एका सभासदाला सर्वसाधारणपणे एकच जागा मिळावी हे तत्त्वही आहे. किती सोसायट्यांत ते पाळले जाते? बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी जी जागा ज्याने धरली ती वडिलोपार्जित इस्टेटीसारखी चालते, दुसऱ्या गाडीचे शुल्क नावापुरते असते, आणि बाहेरच्या रस्त्यावरची गर्दी म्हणजे महापालिकेचे पाप असे मानून विषय संपतो. उंच इमारतीभोवती सहा मीटरची मोकळी बाजू अग्निशमन दलाच्या गाडीसाठी असते. तिथेही रात्री पाहुण्यांच्या नावाखाली घरच्याच गाड्या लागतात. या एका गोष्टीत तडजोड नसावी, कारण तिची किंमत कुणाच्या तरी जिवाने मोजावी लागू शकते.

येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी आमच्या सोसायटीत तीन ठराव लेखी दिले आहेत. तळघरातली प्रत्येक जागा टेप लावून मोजावी आणि ज्या जागेत मोठी गाडी बसत नाही, तिला लहान गाडीची किंवा दुचाकींची जागा म्हणून नोंदवावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीचे शुल्क तळघराच्या खऱ्या देखभाल-खर्चावर ठरवावे आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या मासिक वर्गणीत तेवढी सूट द्यावी. आणि रॅम्पच्या वळणावरची अडचणीची जागा ज्येष्ठांकडून घेऊन त्यांना लिफ्टजवळची द्यावी. पहिल्या ठरावाला सर्वांची संमती आहे. तिसऱ्यालाही फारसा विरोध नाही. दुसऱ्या ठरावावर सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे, आणि ती भरण्यासाठी मी रोज संध्याकाळी एकेका मजल्यावर जाऊन दार वाजवतो आहे.